सीतेच्या वेणीचा सुपूर्दनामा

जप्त केलेल्या मालाचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. वर्तमानपत्रात 'इतकं सागवान जप्त' एवढं छापून येतं आणि लोक पान उलटतात. खरी कटकट त्यानंतर सुरू होते. माल ठेवायचा कुठे? सेमिनरी हिल्सच्या आमच्या कचेरीत मुद्देमालाची एकच खोली, तीही पत्र्याची. म्हणून मग सुपूर्दनामा करतात. एखादा भला माणूस गाठायचा, माल त्याच्या हवाली करायचा आणि सरकार मागेल तेव्हा परत हजर करीन असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. त्या माणसाला सुपूर्ददार म्हणतात. त्याला यात मिळत काहीच नाही. खटला संपेपर्यंत दुसऱ्याची लाकडं अंगणात सांभाळायची, एवढंच.

असे सुपूर्दनामे मी शेकड्यांनी केले. माझं नाव जागेश्वर बोंद्रे, मूळचा सावनेरकडचा, वनखात्याच्या फिरत्या पथकात वनपाल. आमच्याकडे सुपूर्दनाम्याचे दोन छापील नमुने होते, एक जनावरांचा आणि एक लाकडाचा. जनावर मरतं, वितं, म्हणून त्याच्या नमुन्यात 'मेल्यास अथवा व्यायल्यास तात्काळ कळवीन' असं वाक्य होतं. लाकूड काही करत नाही. त्याच्या नमुन्यात होतं, 'सुपूर्ददाराकडे माल मागणी होईपर्यंत जसाच्या तसा राहील.' जिवंत झाडासाठी नमुना नव्हता. तशी गरजच कधी पडली नव्हती.

ती १९७९ साली पडली. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरी, ज्यांना शौकीन लोक ऑर्किड म्हणतात, त्या पोत्यांनी मुंबईला आणि तिथून परदेशी जाऊ लागल्या होत्या. वरून परिपत्रक आलं की ज्यांच्या घरी अशी झाडं असतील त्यांनी ती कुठून आणली याचा कागद दाखवावा, नसेल तर झाड जप्त करून गुन्हा नोंदवावा. हेतू चांगला होता. परिपत्रकांचे हेतू चांगलेच असतात. त्याच सुमारास नागपूर स्टेशनवर एक दलाल चार पोत्यांसह सापडला. त्याच्या वहीत इथल्या नऊ शौकिनांचे पत्ते होते. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, ती नऊ घरं माझ्या वाट्याला आली.

त्यातलं पहिलं घर रामदासपेठेतलं. ईश्वरदासजींच्या बंगल्यामागे हिरव्या जाळीची मोठी खोली होती आणि तिथे झाडांसाठी दोन कूलर चालू होते. माझ्या कचेरीत एकही नव्हता. दीडशे झाडं, प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी, प्रत्येकाचं कलकत्त्याच्या नर्सरीचं बिल. काही बिलांची तारीख आणि झाडाचं वय जुळत नव्हतं हे मलाही कळत होतं. पण कागद होता. ईश्वरदासजींनी थंड सरबत पाजलं, मी 'कागदपत्रे पाहिली' असा शेरा मारला आणि निघालो. मला सावली सोडवत नव्हती हेही खरं आहे.

नववं घर तांडापेठेत होतं. नत्थूजी निमजे, वय साठीच्या पुढे, जन्मभर हातमागावर लुगडी विणलेला माणूस. डोळे अधू झाले तसा माग थांबला. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत शिरलो आणि क्षणभर दारातच उभा राहिलो, इतकं तिथे गार होतं. हातमागाला जमिनीत खड्डा असतो, विणकर त्यात पाय सोडून बसतो. सूत तुटू नये म्हणून खोलीत ओल धरून ठेवावी लागते. नत्थूजींनी माग मोडला नव्हता. खड्ड्यात पाणी भरून ठेवलं होतं आणि जिथे ताण्याचं सूत असायचं त्या लाकडी चौकटीला आठ झाडं टांगली होती. ईश्वरदासजींच्या दोन कूलरांना जे जमलं नव्हतं ते इथे एका खड्ड्यात झालं होतं.

त्याच खोलीत भिंतीकडेला खाटेवर त्यांची बायको पडून होती. अनुसयाबाई. पोटात गाठ होती. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पावसाळा निघणं कठीण आहे असं सांगून घरी पाठवलं होतं. उजव्या हाताच्या पाठीवर सलाईनच्या सुईचा निळा डाग होता. मी आल्याचं पाहून तिने पदर नीट केला आणि पुन्हा त्या झाडांकडे तोंड करून पडून राहिली.

सात झाडं ईश्वरदासजींनी दिलेली होती, त्यांची चिठ्ठी होती. आठवी होती सीतेची वेणी. तिचा घोस खरोखर वेणीसारखा खाली लोंबतो, पांढरी फुलं, त्यांवर गुलाबी ठिपके. त्या दिवशी ती नुकती उघडू लागली होती. वरची फुलं उमललेली, खाली सगळ्या कळ्या. वास अगदी मंद होता, सुताला नुकती खळ लावली की येतो तसा. ही कुठून आणली असं मी विचारलं.

"जंगलातली आहे साहेब," नत्थूजी म्हणाले. "नवेगावकडे तोड चालू होती. झाड पाडलं, फांद्या जाळून राहिले होते. हे फांदीले चिकटून होती. मी उचलली."

मी पुन्हा विचारलं. कुणी दिली असेल, कुठून विकत घेतली असेल, नीट आठवा. तिसऱ्यांदाही तेच विचारलं. खरं म्हणजे मी त्यांना खोटं बोलायची संधी देत होतो. ईश्वरदासजींकडून एक बिल आणायला कितीसा वेळ लागला असता? त्यांनी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं आणि शेवटी थोडं चिडूनच म्हणाले, जंगलातली आहे तं जंगलातलीच सांगीन न. तेव्हा माझाही नाइलाज झाला. नऊ घरांतला एकच माणूस खरं बोलला आणि गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला.

शेजारचे दोघं पंच बोलावले. पंचनाम्यात मालाची मोजणी लागते म्हणून मी स्टुलावर चढून फुलं मोजली. उमललेली अकरा, कळ्या त्रेचाळीस. आता प्रश्न उरला सुपूर्दनाम्याचा. कचेरीतल्या पत्र्याच्या खोलीत ती वेणी दोन दिवस टिकली नसती. आरोपीला स्वतःच सुपूर्ददार होता येत नाही. पंचांनी हात वर केले, मेली तर कोर्टात कोण उभं राहील म्हणाले. मला घरी जायचं होतं. कपाळावरचा घाम कागदावर पडत होता.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "मी घेतो. कोठं कराची सही?"

मी म्हटलं, बाई, तुमची तब्येत बरी नाही. ती म्हणाली, तब्येतीचं काय, झाड तं माह्या डोळ्यासमोरच आहे. मग तिने विचारलं, "कवालोक सांभाळाचं?"

"सरकार मागेल तोपर्यंत," मी म्हणालो.

"म्हंजे तुमी मागाल तवालोक मले राहा लागते," ती म्हणाली आणि हसली. आम्हीही हसलो. छापील नमुने संपले होते, म्हणून मी साध्या कागदावर आठवणीने लाकडाचा मजकूर लिहिला. तिने निळ्या डागाच्या हाताने सावकाश पूर्ण नाव लिहिलं. अक्षर चांगलं होतं. वेळ सव्वाचार. मी कागदाची एक प्रत तिला दिली आणि उन्हात बाहेर पडलो.

सुपूर्दनाम्याच्या मालाची तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते. ऑगस्टमध्ये मी तांडापेठेत गेलो तेव्हा अनुसयाबाई गेली असेल आणि नवा सुपूर्ददार शोधावा लागेल, असं गृहीत धरूनच गेलो होतो. ती खाटेवर होती. नत्थूजींनी मला आनंदाने आत बोलावलं. वेणी फुललेली होती. मला वाटलं ही दुसरी वेणी धरली असेल. सवयीने स्टुलावर चढलो. उमललेली अकरा, कळ्या त्रेचाळीस.

मी चिकित्सक माणूस आहे. जंगलात एकतीस वर्षं काढली, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी नेहमी दारू किती घेतली होती ते विचारत आलो. तेव्हाही मी मनाशी म्हणालो की हा योगायोग आहे. कचेरीतून ईश्वरदासजींना फोन करून, सहज विचारतोय असं दाखवून, सीतेची वेणी किती दिवस टिकते ते विचारलं. ते म्हणाले, तीन आठवडे, फार तर चार. फोन ठेवला आणि तपासणीच्या नोंदीत 'माल ठीक' असं लिहिलं.

नोव्हेंबरमध्ये अकरा आणि त्रेचाळीस. फेब्रुवारीत अकरा आणि त्रेचाळीस. एक पाकळी मलूल नाही, एक कळी फुगलेली नाही. नवं पान नाही, नवं मूळ नाही. नत्थूजी रोज पाणी शिंपडत होते, ते पानांवरून ओघळून खड्ड्यात पडत होतं.

फेब्रुवारीतच मी अनुसयाबाईच्या हाताकडे नीट पाहिलं. सुईचा डाग तितकाच निळा होता. सुईने पडलेला डाग आठ दिवसांत पिवळा पडतो, पंधरा दिवसांत जातो. मी पाहतोय हे तिला कळलं आणि तिने हात पदराखाली घेतला.

नत्थूजी मला बाहेर सोडायला आले तेव्हा हळू आवाजात बोलत होते, पण चेहऱ्यावर उजेड होता. डॉक्टर चाट पडले म्हणाले. गाठ वाढली नाही. वजन घटलं नाही. मे महिन्यापासून तिची नखं काढावी लागली नव्हती. "साहेब, तारीख पडू द्या," ते म्हणाले. "लवकर निकाल नोका लावू."

त्यात मला काही करावं लागत नव्हतं. खटला आपल्या पायाने लंगडत चालला होता. कधी मॅजिस्ट्रेटसाहेब रजेवर, कधी पंच गैरहजर. वनस्पतीची जात ओळखण्यासाठी कलकत्त्याला पाठवलेल्या पत्राचं उत्तर नाही. प्रत्येक तारखेला नत्थूजी धुतलेलं धोतर नेसून कोर्टात यायचे आणि पुढची तारीख मिळाली की मला हात जोडायचे. आरोपीला तारखेचा इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. मलाही बरं वाटायचं, हे कबूल करतो. माझ्या एका साध्या कागदामुळे कुणाचं तरी भलं होत असेल तर होऊ द्यावं, असं वाटायचं. मी विश्वास ठेवत नव्हतो. पण बरं वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी नत्थूजी हात जोडेनासे झाले.

१९८१च्या मार्चमध्ये मी तपासणीला गेलो तेव्हा ते बाहेरच्या ओट्यावर बसून होते. आत जा म्हणाले, स्वतः उठले नाहीत. अनुसयाबाईने मला खाटेजवळ बसायला सांगितलं. तिचे केस तसेच होते, चेहरा तसाच होता. दोन वर्षांत माझ्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

"भाऊ, दुखते," ती म्हणाली. "त्या दिवशी जेवढं दुखून राहिलं होतं न, सही केली तवा, तेवढंच दुखते. वाढत नाई, कमी होत नाई. जसंच्या तसं दुखते. निजली तरी दुखते."

मी डॉक्टरांचं काहीतरी बोललो. तिने ते ऐकून घेतलं.

"दुखनं वाढत गेलं असतं तं सुटली असती," ती म्हणाली. "मागून घ्या गा भाऊ. तुमची वस्तू आहे, मागून घ्या."

मी म्हणालो, कोर्टाचा आदेश हवा. तो आल्याशिवाय मला मागता येत नाही. हे खरंच होतं. पण मी ज्या घाईने तिथून निघालो ती घाई कायद्याची नव्हती. मी घाबरलो होतो. त्यानंतर वर्षभर मी स्वतः तांडापेठेत गेलो नाही. वनरक्षकाला पाठवायचो. तो यायचा, माल ठीक म्हणायचा, मी नोंद करायचो. कोर्टातही सरकारी वकिलांना पुढे करून मी मागच्या बाकावर बसायचो, नत्थूजींची नजर माझ्यावर पडणार नाही अशा बेताने. त्या वर्षाची मला लाज वाटते.

१९८२चा मे उजाडला. त्या साली आगी फार लागल्या. आठ दिवस मी रामटेकच्या पलीकडे जंगलात, आग पुढे सरकू नये म्हणून, जाळरेषा काढत होतो. परत आलो तो गुडघे सुजलेले, डोळ्यांत धूर भरलेला, अंगात नुसता शीण. मोठे साहेब येणार म्हणून दुसऱ्याच दिवशी कचेरीत हजर राहायचं होतं. सकाळी घाईत जुन्याच ब्लेडने दाढी केली आणि हनुवटीला चांगलंच लागलं. माझी बायको रुख्मिणी ओरडली, आठ दिवसांनी घरी आले अन् असे रक्त काढत बसले म्हणाली. तिने तुरटी दाबून धरली.

दुपारी बारा वाजता नत्थूजी कचेरीत आले. तांडापेठेतून सेमिनरी हिल्सपर्यंत चालत आले होते. डोक्यावर ओला गमछा. मी पाणी दिलं, ते त्यांनी खाली ठेवलं. मग प्लास्टिकच्या पिशवीतून सुपूर्दनाम्याची प्रत काढली आणि टेबलावर पसरली. घड्यांवर कागद विरला होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, माहे डोळे अधू आहे. गल्लीतल्या मास्तरकडून वाचून घेतलं. हे तुमी काय लिवलं?"

मी वाचलं. माझंच अक्षर. 'सुपूर्ददार व माल मागणी होईपर्यंत जसेच्या तसे राहतील.'

छापील नमुन्यात 'सुपूर्ददाराकडे माल' असं होतं. उन्हाच्या गुंगीत मी 'सुपूर्ददार व माल' लिहिलं होतं. कर्ता अनेकवचनी झाला म्हणून पुढे हाताने आपोआप 'जसेच्या तसे राहतील' असं व्याकरण नीट जुळवून घेतलं होतं. मॅट्रिकला मराठीत मला चांगले गुण होते. खाली तिची सही, पंचांच्या सह्या, माझी सही, कचेरीचा गोल शिक्का.

ती ओळ मी पुन्हा वाचली. मग म्हणालो की ही लिहिण्यातली चूक आहे. याला काही अर्थ नाही.

"चूक आहे, मले मालूम आहे," नत्थूजी म्हणाले. "मंग दुरुस्त करा."

दुरुस्त करता येत नव्हतं. मूळ कागद कोर्टाच्या फाईलला लागला होता. न्यायालयात दाखल झालेल्या कागदातला एक काना बदलायची माझी पात्रता नव्हती. कोर्टाला काय कारण सांगणार होतो? माझ्या हातात एकच गोष्ट होती. सुपूर्ददार आजारी असला तर परिक्षेत्र अधिकाऱ्याच्या मंजुरीने त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव घालता येतं. कागदाच्या मागे शेरा मारायचा, 'मजकूर कायम, नावात बदल', आणि नव्या माणसाची सही. मी हे नत्थूजींना समजावून सांगितलं. दुसरा माणूस आणा म्हणालो.

"कोण येईन?" ते म्हणाले. "तीन वर्ष अख्खी गल्ली पाहून राहिली. कायदा मले सही करू देत नाई, नाईतं मीच केली असती." मग टेबलाकडे पाहत, "तिले सोडवा साहेब. मी खोटं बोललो असतो तं हे झालं नसतं. काहून खरं बोललो मी?"

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार मला आठवली, ते सरबत आठवलं, आणि मी म्हणालो, मी घेतो माझ्या नावावर. असं म्हणण्यात काही मोठेपणा नव्हता. मला फक्त ते प्रकरण संपवायचं होतं. माझं अंग दुखत होतं आणि मला झोपायचं होतं.

परिक्षेत्र अधिकाऱ्याने न वाचताच मंजुरी दिली. चारच्या सुमारास आम्ही जीपने तांडापेठेत पोचलो.

खोली तशीच गार होती. तोच मंद वास. मी स्टुलावर चढलो. अकरा, त्रेचाळीस.

नत्थूजींनी अनुसयाबाईला उशीला टेकवून बसवलं. तिने कागदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मागून राहिले न भाऊ? तुमच्या तोंडानं म्हना."

मी म्हणालो, "अनुसयाबाई, सरकारचा माल परत द्या."

"घ्या," ती म्हणाली.

तिने माल परत केल्याची सही केली. मग माझी पाळी होती. 'मजकूर कायम' हे दोन शब्द मी लिहिले आणि पेन थांबलं. तो मजकूर मला आता पाठ होता. क्षणभर वाटलं, खाली दोन ओळी जोडाव्यात, चूक झाली आहे म्हणून लिहावं. पण मी समजदार माणूस आहे, सरकारी नोकर आहे. कुठल्या कारणासाठी मी तसं लिहिणार होतो? 'नावात बदल' लिहिलं. सही केली. हनुवटीवरून रक्ताचा एक थेंब कागदाच्या कडेला पडला, तो मी बोटाने पुसला.

वेळ लिहायची म्हणून घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

अनुसयाबाईने पाणी मागितलं. नत्थूजींनी दिलं. ती सगळं प्याली आणि म्हणाली, "किती थंडं आहे वं माय." मग भिंतीकडे तोंड करून निजली. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच झाडांकडे पाठ करून निजली, असं नत्थूजी म्हणाले.

मी वेणी फांदीसकट उतरवली आणि जीपमध्ये मांडीवर धरून घरी आणली. जीप उसळत होती. एक पाकळी गळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी कचेरीच्या फाटकाशी उभे होते. आत आले नाहीत. पहाटे गेली म्हणाले. शांतपणे गेली. मग जरा थांबून म्हणाले की आंघोळ घालणाऱ्या बायांनी आधी कैची मागितली. नखं बोटांवरून वळून तळहातात गेली होती. केस मानेपर्यंत होते ते गुडघ्याखाली आले होते, मुळापासून पांढरे. हातावरचा डाग मात्र कुठेच नव्हता.

"तुमचे उपकार झाले साहेब," ते म्हणाले आणि माझ्या हनुवटीकडे पाहत राहिले. तिथे कापूस लावला होता.

याला आता सात वर्षं झाली. नत्थूजी दोन वर्षांनी वारले. आरोपी मयत म्हणून खटला बंद झाला. मालाचं काय करायचं याचा आदेश मात्र फाईलवर झालाच नाही, आणि कोर्टाची जागा बदलली तेव्हा फाईलही सापडेनाशी झाली. मी चार अर्ज केले. माझ्या ताब्यातला माल सरकारने मागून घ्यावा, एवढीच विनंती. पहिल्या तिन्हींना उत्तर नाही. चौथ्याला उत्तर आलं की असा कोणताही माल या कार्यालयाच्या नोंदीत नाही, सबब मागणी करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

वेणी न्हाणीघराच्या खिडकीत टांगली आहे. मी आता मोजत नाही. रुख्मिणी मोजते.

कचेरीत लोक माझी तब्येत वाखाणतात. बोंद्रेसाहेब सात वर्षांपूर्वी होते तसेच आहेत म्हणतात, काय खाता असं विचारतात. त्यांना काय सांगू? आठ तास झोपलो काय नि बारा तास झोपलो काय, रामटेकच्या आगीवरून परतलो त्या दिवसाचा शीण अंगात तेवढाच आहे. वाढत नाही, कमी होत नाही. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन, पण विश्रांती म्हणून मला काही मिळणार नाही.

रुख्मिणीला चष्मा लागला, दातही पडले. पंधरा दिवसांपूर्वी तिने कुठूनसा कोरा कागद आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, माह्या नावानं करा. मी तो फाडला. आम्ही दोघंही त्यावर पुन्हा बोललो नाही. दाढी मी केव्हाच सोडली, करायला काही वाढतच नाही. तरी ती रोज सकाळी तुरटीचा खडा ओला करून आणते, माझ्या हनुवटीला दाबून धरते आणि मग टॉवेल उजेडात नेऊन पाहते. आजही तिने तो पाहिला. डाग तेवढाच होता, आणि ताजा होता.